बारा बाय अठरा

…नाही, पण मी म्हणते, मुलीचं इन्स्टा अकाउंट प्रायव्हेट, नाव खोटं, फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल, एवढं केल्यावर आईनं आणखी काय करायचं? फोन उकळून द्यायचा? तुम्हाला सांगते, काळजीत मी कुठे कमी पडले नव्हते.

आमची ईश्वरी, वय तेरा. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी शाळेतून आली आणि दप्तरसुद्धा न काढता तिनं फोन माझ्यापुढे धरला. अनोळखी माणसाचा मेसेज. ‘ईश्वरी, आठवी ब, रावेत. लाल फ्रॉक छान होता.’ नाव नाही, चेहरा नाही, फोटोच्या जागी नुसता करडा गोल…

आता सोसायटीतल्या पालक शिबिरात मी पहिल्या रांगेत बसून लिहून घेतलं होतं, मूल स्वतःहून सांगायला आलं तर ओरडू नका. लाल शाईनं अधोरेखितही केलं होतं. आणि मी काय केलं? ‘तूच सांगितलं असशील, खरं बोल, कोण आहे हा?’ ती म्हणते, ‘मम्मा, मी काहीच नाही सांगितलं गं.’ मी फोन काढून घेतला. ती गप्प झाली, ती झालीच.

आणि तो करडा गोल माझ्यामागे लागला. ज्याला चेहरा नाही त्याला कुणाचाही चेहरा बसतो हो. लिफ्टमधला कुरिअरवाला… तोच. भाजीवाला जास्त कोथिंबीर देतोय… का देतोय? नवरा सेकंड शिफ्ट करून आला, दारात उभा राहिला, तर मी त्यालाही ‘कोण पाहिजे’ विचारलं. म्हणजे बघा, काळजीत मी कुठे कमी पडले नव्हते.

रविवारी महाळुंग्याला सासरी निघालो. चौकात गाडी वळली आणि समोर ईश्वरी. बारा फूट बाय अठरा फूट. लाल फ्रॉकमध्ये. खाली संपूर्ण नाव, आठवी ब, राहणार रावेत, भोवती शुभेच्छुकांची चाळीस गोल डोकी, आणि सगळ्यात खाली, ठळक, तिचा आयडी.

दीर, सोपानराव, गॉगल सावरत आले. ‘कसा हाय वहिनी? आयडी मुद्दाम टाकलाय, पोरीचे फॉलोअर वाढत्याल. पाच कंपन्यांच्या बशी हितंच थांबत्यात, समद्यांना दिसतंय.’

समद्यांना. मला त्या बसच्या सगळ्या खिडक्या दिसायला लागल्या.

‘भावजी, फोटो कुठून आणला?’

‘तुमच्याच स्टेटसवरनं की.’

मागच्या सीटवर ईश्वरी होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

फ्लेक्स उतरवला. तक्रार केली. त्या मेसेजवाल्याचा आयडी ब्लॉक केला. ईश्वरीची माफी मागितली, ती ‘इट्स ओके’ म्हणाली, शेजारणीला म्हणतात तसं. फोन परत दिला. रोज विचारते, काही आलं का? ‘काही नाही.’ पण ‘काही नाही’ला काय अर्थ असतो, तुम्हीच सांगा. जी एकदा सांगायला आली आणि ओरडा खाऊन गेली, ती परत येईल कशाला?

काल चाकणला निघालो, ट्रॅफिकमध्ये अडकलो. पुढच्या टेम्पोत कांद्याच्या गोण्या, त्यावर ताडपत्री म्हणून आमचा फ्लेक्स. उतरवलेला फ्लेक्स आमच्याकडे फुकट जात नाही ना. मुलगी उलटी, पाय वर, वाऱ्यावर फडफडतेय. ईश्वरी फस्सकन हसली. तीन आठवड्यांनी. मग हसता हसताच, खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘मम्मा, परवा परत एक मेसेज आला होता. दुसऱ्या आयडीवरून. सांगू का नको, असं झालं.’

परवा! माझ्या तोंडात ‘आत्ता सांगतेस?’ अगदी दाताशी आलं होतं. गिळलं. ‘बरं,’ म्हणाले, ‘तुला वाटेल तेव्हा दाखव.’

आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले. तुम्हाला सांगते, पुढे चार किलोमीटर होते, पाऊण तास लागला, आणि चाकणच्या ट्रॅफिकमध्ये हॉर्न न वाजवणारी काल मी एकटीच होते.