मागच्या बाकावरचे

सून : अहो, दाराची किल्ली द्या. गाडीवाला खाली ताटकळलाय.

मुलगा : परत पाठव त्याला. आई दवाखान्यात जाणार नाही.

सून : ते बोटाला लावायचं यंत्र बघितलंत? सकाळी नव्वदीच्या वर होता आकडा, आता ऐंशीवर आलाय. ओठ बघा त्यांचे, जांभळे पडलेत.

मुलगा : बोट गार आहे तिचं. गार बोटाला यंत्र चुकतं. ग्रुपवर आलंय तसं.

सून : ग्रुप, ग्रुप! ‘मागचा बाक’! शाळेत ज्यांनी कधी वही उघडली नाही, ते आता डॉक्टर झाले होय?

मुलगा : नावं ठेवू नकोस त्यांना. टाळेबंदीत दुकान बंद पडलं, दुरुस्तीला एक फ्रीज येईना, तेव्हा धान्याचं पोतं दारात कुणी आणून टाकलं? तुझ्या भावानं?

सून : ते उपकार मी विसरले नाही. पण पोतं देणं वेगळं आणि औषध सांगणं वेगळं.

मुलगा : तू वाचलंस का काय काय येतंय ते? आत गेलेलं माणूस बाहेर येत नाही. तोंडसुद्धा बघू देत नाहीत. पिशवीत गुंडाळतात आणि...

सून : हळू. आई ऐकतायत.

आई : ऐकते तर... कान शाबूत आहेत अजून. दमच तेवढा... पुरत नाही.

मुलगा : तू बोलू नकोस गं. पालथी झोप.

आई : पालथं झोपलं की... छातीवर जातं ठेवल्यासारखं होतं रे.

सून : ऐकलंत?

मुलगा : मी काय बहिरा आहे? अगं, भीती वाटते मला! एकदा ते दार बंद झालं की कुठं शोधू मी तिला?

सून : आणि मला नाही वाटत भीती? माझ्या बहिणीच्या ग्रुपवर वाफ घ्या म्हणून आलं, तर उठता-बसता आईंचं तोंड मी भांड्यावर धरलं. नाक पोळलं त्यांचं. बहिणीला विचारलं, तुला कुणी सांगितलं? म्हणे, जावेनं. जावेला कुणी? तिला आठवतच नाही. अहो, आपण ऐकतोय तरी कुणाचं?

मुलगा : सगळेच खोटं बोलतील?

सून : खोटं कुणी बोलत नसेल. पण दवाखान्यात नेलेल्यांचं काय झालं, तेवढंच रोज लिहितात. ज्यांना घरी ठेवलं, त्यांचं काय झालं?

मुलगा : बरे झाले. आपल्या ग्रुपवरच्या लंबूचा दादाच बघ ना. घरीच ठेवलं त्याला.

सून : बरा झाला, असं लिहिलं लंबूभाऊजींनी?

मुलगा : ...लिहिलं असेल.

सून : असेल? लावा फोन. मोठ्यानं ऐकू येईल असा लावा. पाया पडते तुमच्या, निदान एवढं करा.

लंबू : बोल रे.

मुलगा : लंबू, आईला धाप लागलीय. ही ने म्हणतेय, मी नाही म्हणतोय. तुझा दादा घरीच बरा झाला ना? काय दिलं होतंस त्याला?

लंबू : थांब, बाहेर येऊन बोलतो.

मुलगा : हॅलो? आवाज येतोय का?

लंबू : आकडा कुठवर आलाय?

सून : ऐंशी, भाऊजी.

लंबू : ने तिला.

मुलगा : काय?

लंबू : ऊठ आणि ने. दादा गेला रे.

मुलगा : गेला? अरे कधी? आम्हाला कुणालाच...

लंबू : मागच्या आठवड्यात. माझं मनगट धरून बसला होता. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं तोंड करायचा. वहिनी म्हणत होती, गाडी बोलवा. मी म्हटलं, थांब, ग्रुपवर काय आलंय वाच आधी.

मुलगा : मग ग्रुपवर सांगितलं का नाहीस?

लंबू : कुठल्या तोंडानं सांगू? ‘नेऊ नका’ हे तुम्हाला पाठवणारा मीच ना? मला कुणीतरी पाठवलं, मी पुढं ढकललं. दादा गेल्यावरसुद्धा रोज सकाळी फुलांची चित्रं टाकत होतो, कुणी काही विचारू नये म्हणून. आता फोन ठेव, लेका. ने तिला.

आई : पोरा...

मुलगा : काय गं आई?

आई : मलाही भ्या वाटतंय. पण इथं गुदमरून नको रे. तिथं मेले तर मेले... जगायला गेली होती, एवढं तरी म्हणशील.

मुलगा : किल्ली... खिशात नाही... कुठं ठेवली मी? अगं, कुठं ठेवली मी किल्ली?

सून : तुमच्या मुठीत आहे. सोडा मूठ.

(दवाखान्याच्या बाहेर, भिंतीकडेच्या बाकड्यावर.)

मुलगा : काय म्हणाले?

सून : प्राणवायू लावलाय. आकडा हळूहळू चढतोय म्हणाल्या नर्सबाई. पण इतक्यात काही सांगता येत नाही, असंही म्हणाल्या.

मुलगा : तोंड बघू दिलं?

सून : काचेतून. आईंनी हात हलवला. मग खुणेनं विचारलं, हा जेवला का?

मुलगा : आत जाऊनसुद्धा माझ्याच जेवणाचं विचारतेय ती...

सून : रडा. इथं कुणी बघत नाही.

मुलगा : ग्रुपवर लिहिलं मी, आईला भरती केली म्हणून.

सून : मग?

मुलगा : सगळे तुटून पडले. वेडा झालास का, जन्मदात्रीला स्वतःच्या हातानं लोटलंस. एकामागून एक. आणि मग लंबूनं लिहिलं.

सून : काय लिहिलं?

मुलगा : ‘मी दादाला नेलं नाही. दादा गेला.’ एवढंच.

सून : त्यावर काय म्हणतायत?

मुलगा : काहीच नाही. सगळ्यांनी वाचलंय. चिडीचूप.

सून : ठेवा आता तो फोन.

मुलगा : थांब. कुणीतरी लिहितंय... थांबलं... पुन्हा लिहितंय.