सर, अजून एक अट

...आणि वर मलाच म्हणतो, ‘सर, हे सगळं तुमच्यामुळे झालं.’ माझ्याच तोंडावर. हात मागे बांधून, मान जराशी कलती करून, वर्गात उभा राहायचा अगदी तसा. आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ माणसाने काय लावायचा? आभार मानतोय की माझ्यावर ढकलतोय? घरी येईपर्यंत मी तेच घोळवत होतो, कारण तुम्हाला सांगतो, मला सवयच आहे, जगात कुठेही काही वाकडं झालं की माझ्या मनात पहिलं येतं... चुकत असेल आपलंच.

थांबा, असं मधूनच सांगून तुम्हाला कळायचं नाही. आमच्या घरामागे एक नाला आहे. फार मोठा नाही, पण उडी मारून ओलांडावा एवढा लहानही नाही. म्हणजे तरुणपणी मला वाटायचं, मारता येईल उडी, पण मारली नाही, तो स्वभावच नाही. नाल्यापलीकडे बाजार, दवाखाना आणि आमच्या हिच्या धाकट्या भावाचं वर्कशॉप. समोर दिसतं सगळं, पण जायचं तर मोठ्या रस्त्याने लांबचा वळसा. तर पालिकेने ठरवलं की इथे पादचारी पूल करायचा. लोखंडी, साधा, माणसं चालतील एवढा.

आता माझं नशीब बघा. मी आयुष्यभर शिकवलं काय? पूल. डॉक्टरेट केली कशात? पादचारी पुलांच्या कंपनांत. माणूस चालताना पूल किती हलतो, का हलतो, आणि हलला की माणसाला कसं वाटतं. एवढा जाड प्रबंध. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेला माणूस मला अजून भेटायचा आहे, माझे परीक्षकसुद्धा तोंडी परीक्षेत माझ्याकडे बघायचं टाळत होते. निवृत्तीनंतर तर काय, घरात पंखा हलतो म्हणूनसुद्धा मला कोणी विचारत नाही. आणि एक दिवस दारात कोण? पालिकेचा शहर अभियंता. माझा विद्यार्थी. पोरं त्याला साखऱ्या म्हणायची, इतका गोड बोलायचा, म्हणजे उत्तर चुकलं तरी आपल्यालाच वाटावं की प्रश्न जरा तिरका विचारला आपण.

म्हणाला, ‘सर, टेंडरच्या तांत्रिक अटी तुम्ही लिहायच्या. पादचारी पूल तुमच्याइतके कोणाला कळतात?’

विरघळलो हो. लपवत कशाला? ही आतून म्हणाली, ‘अहो, चहा ठेवू का?’ तर मी म्हटलं, ‘ठेव, आणि तो चांगला सेट काढ.’

मग रोज तो यायचा. मी साध्याच अटी लिहिल्या होत्या, लोखंड असं हवं, जोड असे हवेत, पाया इतका खोल हवा, झालं. त्याने वाचल्या, मान डोलावली, आणि म्हणाला, ‘सुंदर. फक्त सर, अजून एक अट घालायची का? अनुभवाची. ज्याने स्वतःच्या नावावर असे तीन पूल बांधलेत त्यालाच टेंडर भरता येईल.’ मी म्हटलं, अरे, नाल्यावरचा एवढासा पूल, तीन-तीन कशाला? तर त्याने काय करावं? माझंच व्याख्यान मला म्हणून दाखवलं. ‘सर, तुम्हीच सांगायचात ना, पूल पडतो तेव्हा हिशेब पडत नाही, माणूस पडतो.’ मी असं म्हणालो होतो? म्हणालो असेन. चांगलं वाक्य आहे. अट घातली.

दुसऱ्या दिवशी, ‘सर, अजून एक अट. ठेकेदाराची स्वतःची क्रेन हवी, मोठी.’ क्रेनची ताकद त्याने सांगितली ती ऐकून मी चष्मा पुसला. अरे, म्हटलं, तेवढ्यात माझा पूल, त्याच्यावर उभे सगळे नगरसेवक आणि खालचा नालासुद्धा उचलला जाईल. तर म्हणाला, ‘सर, सुरक्षिततेचा गुणक. तुम्ही माझे त्यातच मार्क कापले होते.’ आता कापले होते हे खरं. म्हटलं, चुकत असेल आपलंच. अट घातली.

मग कठडा. साध्या गोल पाइपचा नको, लंबगोल हवा. का? ‘सर, तुमच्या वयाच्या माणसाला धरायला बरा पडतो. बघा, कप कसा धरलाय तुम्ही.’ मी कपाकडे बघितलं. खरंच वेडावाकडा धरला होता. मग रंग. हिरवा, पण झाडासारखा नाही, शाळेच्या फळ्यासारखाही नाही, त्या दोघांच्या मधला एक, आणि त्यासाठी डोळ्यांच्या ताणावर मी स्वतः दीड पानाचं शास्त्रीय विवेचन लिहिलं, संदर्भांसकट. कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. त्याने फक्त विचारलं, ‘सर, याला काही शास्त्रीय आधार सापडेल का?’ सापडला. मला कशालाही सापडतो, शिक्षणाचा तोच तर उपयोग असतो. आणि शेवटची अट, ठेकेदाराचं आवार पालिकेच्या इमारतीपासून हाकेच्या अंतरावर हवं, म्हणजे दुरुस्तीला लगेच धावत येईल. मला वाटलं, किती बारीक विचार करतो हा मुलगा.

आता इथे माझा मेहुणा येतो. म्हणजे नाल्यापलीकडच्या वर्कशॉपवाला, हिचा भाऊ. तो बोलतो तेव्हा कारखान्यात बोलल्यासारखं बोलतो, शेजारच्या खोलीतसुद्धा यंत्र चालू आहे असं समजून. आयुष्यभर याने फाटकं, जिने, टाक्यांचे स्टँड केले. हात असा, की जोड कुठे आहे ते शोधावं लागतं, आणि हे तो स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. त्याची एकच इच्छा, एक सरकारी काम स्वतःच्या नावाने मिळावं. एक मिळालं की दुसरं मिळतं, पहिलंच मिळत नाही. हा पूल त्याच्या दारात होणार म्हटल्यावर त्याने आधीच मनातल्या मनात बांधून टाकला होता. ‘भावजी,’ म्हणाला, ‘अटी तुम्ही लिहिताय म्हणजे सरळच असणार.’

टेंडरआधीची बैठक असते, इच्छुकांनी शंका विचारायच्या. मी टेबलामागे, साखऱ्याच्या शेजारी. समोर मेहुणा, इस्त्रीचा शर्ट घालून. आणि कोपऱ्यात एक ठेकेदार, पांढरे बूट घातलेला. म्हणजे पांढरेशुभ्र हो, बांधकामाच्या धंद्यात. मी मनात म्हटलं, किती स्वच्छ काम करत असेल हा माणूस.

मेहुणा उभा राहिला. ‘भावजी, म्हणजे साहेब, एवढी क्रेन कशाला? त्या क्रेनला नाल्याशी उभं करायचं तर आधी तिच्यासाठी एक पूल बांधावा लागेल.’

लोक हसले. आणि तुम्हाला सांगतो, माणूस शिकलेला असला की चारचौघांत हसू सहन होत नाही त्याला. मी चष्मा काढला, आवाज वर्गातला लावला, आणि म्हणालो, ‘सुरक्षिततेशी तडजोड नाही. हे फाटक नव्हे.’

फाटक नव्हे म्हणालो मी. माझ्या घराचं फाटक त्यानेच केलंय. पैसे न घेता.

त्या रात्री स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात वाजत होती. ही बोलत नाही तेव्हा भांडी बोलतात. शेवटी एकच वाक्य, ‘तुमच्या सुरक्षिततेने माझ्या भावालाच तेवढं बाहेर ठेवलं का हो?’ मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा असतो. ती म्हणाली, ‘हो का?’ आणि दिवा मालवला. मी अंधारात बसून विचार केला, आणि म्हटलं... चुकत असेल आपलंच. पण कुठे, ते कळेना.

मग टेंडरं उघडली. तीन आली होती, नियमाला तीन लागतात. एक पांढऱ्या बुटांचं, एक त्यांच्या पत्नीच्या कंपनीचं आणि एक आणखी कोणाचं तरी. तिघांची माणसं एकाच गाडीतून उतरली, म्हटलं, इंधन वाचवत असतील. तिसऱ्याला विचारलं, तुमची कंपनी कुठली? तर त्याने पांढऱ्या बुटांकडे बघितलं. पांढऱ्या बुटांनी सांगितलं. मी साखऱ्याच्या कानाशी लागलो, अरे, हे जरा... तर म्हणाला, ‘सर, निरोगी स्पर्धा झाली.’ आणि काम पांढऱ्या बुटांना.

आता पुढचं ऐका. दोन-चार दिवसांनी संध्याकाळी मी फिरायला निघालो, आणि पालिकेच्या मागच्या गल्लीत, हाकेच्या अंतरावर, एका आवाराचं दार उघडं दिसलं. डोकावलो. भिंतीशी पाइपांचा ढीग. लंबगोल. त्यांच्यावर वेल चढून, फुलून, सुकून पुन्हा चढलेला. शेजारी रंगाचे डबे, एकावर ओघळ आलेला. हिरवा. झाडाचा नाही, फळ्याचा नाही, त्या दोघांच्या मधला. आणि मागे, चाकांची हवा गेलेली, भलीमोठी क्रेन. तिच्या केबिनमध्ये मांजर व्यालेली.

मी उभाच राहिलो. माझी एकेक अट त्या आवारात पडली होती हो. कुठलं तरी रद्द झालेलं काम, त्याचा उरलेला माल, आणि मी, पादचारी पुलांच्या कंपनांचा डॉक्टर, चांगल्या कपातून चहा पीत पीत त्या भंगाराचं वर्णन लिहून दिलं होतं, संदर्भांसकट. फक्त मांजर तेवढी राहिली. अजून एक दिवस आला असता तर तीही घातली असती, तिलाही शास्त्रीय आधार सापडला असता मला.

गेलो साखऱ्याकडे. म्हटलं, तू मला वापरलंस. तर बसा म्हणाला, पाणी दिलं, आणि शांतपणे म्हणाला, ‘सर, मी एकही अट लिहिलेली नाही. मी फक्त विचारत होतो. कारणं सगळी तुमची. आणि खरं सांगू? तुम्ही नसतात तरी हे झालंच असतं, पण कसंतरी झालं असतं. हे सगळं तुमच्यामुळे झालं सर, दर्जा आला त्याला.’ आणि तुम्हाला सांगतो, त्यात मला दुखलं कुठे? फसवलं यात नाही. तो वर्गात पहिल्या बाकावर बसून माझं प्रत्येक वाक्य उतरवून घ्यायचा, तेव्हा मला वाटायचं, एकाला तरी पूल आवडतात. त्याला मी पाठ होतो हो. पूल नाही.

बरं, संपलं म्हणता? पांढऱ्या बुटांकडे पाइप होते, रंग होता, पण जोडणारा माणूस नव्हता. मग त्यांनी काम दिलं कोणाला? माझ्या मेहुण्याला. निम्म्या दरात, तोंडी, नाव पांढऱ्या बुटांचंच. मी धावत गेलो, म्हटलं, नाही म्हण. तर म्हणाला, ‘भावजी, माणसं बसून आहेत माझी. नाव तुम्ही नाही दिलंत, काम तरी करू द्या.’ मी तिथेच पडलेला कठड्याचा पाइप धरून उभा राहिलो. हाताला बरा पडतो, हे मात्र खरं.

पूल झाला. तपासणीला मला बोलावलं, दर्जाचा दाखला माझ्या सहीने निघायचा. मी ठरवून गेलो होतो, एक दोष, एकच दोष सापडू दे, सही करत नाही, सगळं बाहेर काढतो. वाळूच्या पोत्यांनी भार दिला. वाकला नाही. जोड बघितले, भिंग लावून बघितले. भिंतीवरची पाल जशी चिकटते तसे. मग म्हटलं, कंपनं. मधोमध गेलो आणि उड्या मारल्या. या वयात, रुमालाने टक्कल पुसत, पालिकेच्या लोकांसमोर. माझ्या प्रबंधाप्रमाणे थोडा तरी हलायला हवा होता. ढिम्म नाही हलला.

पलीकडून मेहुणा ओरडला, ‘मारा भावजी, अजून मारा. कमी पडत असेल तर ताईला बोलावतो.’

मी त्याच्याजवळ गेलो, हळूच म्हटलं, अरे, एखादा जोड तरी वाईट करायचा होतास, मला धरायला काही ठेवायचं होतंस. तर इतका चिडला, आयुष्यात माझ्यावर एवढा चिडला नसेल. ‘वाईट? माझ्या बहिणीच्या पायाखाली?’ आणि मग आवाज उतरवून, त्याचा उतरवलेला आवाज म्हणजे आपला साधा आवाज, म्हणाला, ‘सही करून टाका भावजी. तुमची सही नाही तर त्यांचं बिल नाही, आणि त्यांचं नाही तर माझ्या माणसांचं नाही.’

केली सही. काय करतो? ‘सदर ठेकेदाराने हे काम स्वतः, अत्यंत उत्कृष्ट दर्जाचे केले आहे.’ उत्कृष्ट हा शब्द खरा होता, म्हणून तेवढा ठळक लिहिला. पांढऱ्या बुटांच्या नावावर आता आणखी एक पूल जमा झाला. मेहुण्याला नव्या टेंडराच्या खिडकीवर विचारलं, अनुभव? तो म्हणाला, समोर दिसतोय तो. खिडकीतला माणूस म्हणाला, तो तुमचा नाही.

दगडी पाटी बसवलीय पुलाशी. पांढऱ्या बुटांचं नाव, खाली तांत्रिक सल्लागार म्हणून माझं, पदवीसकट. मेहुण्याचं कुठेच नाही. त्यामुळे पलीकडे जायचं असलं की मी आपला मोठ्या रस्त्याने, लांबून जातो. ही नाही. ही पुलावरून जाते, मधे थांबून कठड्यावरून एकदा हात फिरवते, आणि पलीकडे पिशवी घेऊन माझी वाट बघत उभी राहते. मी धापा टाकत पोचलो की म्हणते, ‘या. पूल भक्कम आहे हो. तुम्हीच लिहून दिलंय ना?’