टीव्हीत बिघाड नाही

— नाही हो इद्रिसभाई, टीव्हीला काही झालेलं नाही, उगाच स्टुलावर चढून त्याच्यामागे हात घालू नका, उतरा खाली. चेअरमन काय म्हणाले तुम्हाला फोनवर? टीव्ही आपोआप भलतंच दाखवायला लागला, असंच ना? आपोआप! काल मीटिंगमध्ये जे दिसलं ते या लॅपटॉपवरून गेलं, आणि मी पाठवलं — मी, शीला, या पाणी सोसायटीची आठ वर्षांपासूनची क्लार्क. लिहा तसं. का लिहीत नाही?

कळतं हो मला, तुम्ही भल्यासाठीच म्हणताय — ताई, मी ‘बिघाड’ लिहून देतो, तुमची नोकरी वाचेल. वाचेल की! पण मग आपले चेअरमन रूपचंदभाऊ सोमवारी तोच कागद सगळ्यांसमोर फडकवणार — बघा, टीव्हीच बिघडलेला, म्हणजे त्यावरची यादीही खोटी. मग? मग शेवटच्या चारीवरची, पाटाच्या पार टोकाची बावीस शेतं पुन्हा कोरडी. कुठली यादी काय विचारता? पंप कोणासाठी किती तास चालला त्याची — पंपावरचा लखन रोज मला फोनवर पाठवतो. तापीचं पाणी वर उचलायचं आणि पाळीपाळीने वाटायचं, एवढंच तर काम या सोसायटीचं. आणि शेवटच्या चारीच्या पाळीत उन्हाळाभर पंप चालला तो चेअरमनच्या पपईसाठी! आधी सांगितलं नाही का मी? सांगितलं, दोनदा. म्हणाले, तू टायपिंग कर.

आणि हे बिनवायरचं तुमच्याकडून बसवून घेतलं ते कशाला, माहितीये? वायर होती तेव्हा लॅपटॉप घेऊन मला आत टीव्हीपाशी बसावं लागायचं, सगळं कानावर पडायचं. तेच यांना खुपायचं. वायर गेली, मी बाहेर — भिंतीपलीकडून पाठवत जा म्हणे. बरं बाबा. पाठवलं!

काय? नंबर? हो, टीव्ही सुरू झाला की चार आकडी नंबर दाखवतो, तो इथे टाकल्याशिवाय जोडणी होत नाही, तुम्हीच शिकवलंय, मी विसरले नाही. दर मीटिंगला चेअरमन आतून ओरडून सांगतात. काल मध्येच लाईट गेली, आली, टीव्हीवर नवा नंबर. तर हे आतून मोठ्याने म्हणतात, राहू दे टीव्ही, तोंडीच सांगतो — सगळ्यांना सारखं पाणी मिळालं! माझं डोकं असं सणकलं म्हणता! यादी पुढ्यात उघडी, आणि नंबर भिंतीपलीकडे. काय करणार? बसले हात चोळत. तेवढ्यात ती माठावर पाणी प्यायला बाहेर आली — हा इथे माठ, हे माझं टेबल. ग्लासभर पाणी प्याली, पदराने तोंड पुसलं, आणि भिंतीकडे बघत म्हणाली, “सात, दोन, दोन, नऊ. टाक वं शीला.” आणि गेली आत, जागेवर जाऊन बसली. तीन वर्षं महिला संचालक म्हणून नुसती सही करणारी बाई! सख्ख्या दिराच्या, चेअरमनच्या विरोधात! तिचंही शेत शेवटच्याच चारीवर ना, तिलाही नाही सोडलं त्यांनी. मी नंबर टाकला, यादी टीव्हीवर, आणि आत एकदम कल्ला — “हाई काय शे?”, “मन्ही पाळी कोठे गई?” — आणि दगूबाई आपली मान खाली घालून —

मी नाव नाही घेतलं. घेतलं? नाही घेतलं, इद्रिसभाई. तुम्हाला पोरांची शपथ आहे. माझं काय व्हायचं ते होईल, मी शहाद्यात कुठेही टायपिंग करीन, पण तिला त्याच घरात राहायचंय, त्याच ताटात जेवायचंय. कालपासून ते एकेकाला धरून विचारतायत, नंबर बाहेर कोणी नेला.

कोणी नाही नेला. मीच बघितला. इथूनच, या खुर्चीवरून. लिहा.

अहो, माझ्या खुर्चीवर बसून काय बघताय? भिंत आड येते? दार तिकडे आहे? असेल. टीव्ही तुम्ही बसवला, आठ वर्षं या खुर्चीवर मी बसतेय. मला दिसतो. उठा तिथून, आणि लिहा तसं.