दयारामचा अस्सल पियानो

...अन् वरून मलेच म्हनते, "आजी, तू हालू नको!" आता सांगा, पंच्याहत्तरीची बाई मी, दुपारपासून कानाले ह्या काळ्या वाट्या लावून खुर्चीवर बसवलेली, पायाले मुंग्या आल्या, अन् हालू नको? काऊन? तं म्हने, पियानो अस्सल पाह्यजे!

तुमाले सांगते, हा दयाराम माहा नातू. मागच्या खोलीतले सोयाबीनचे पोते सरकवून त्यानं कॉम्प्युटर मांडला अन् त्याच्यावर लग्नाची गानी बनवते. ढोल कॉम्प्युटरातून, सनई कॉम्प्युटरातून, मानूस एकही नाई! बरं चाललं होतं. तं डोणगावचे भगवानराव आले. लेकीचं लग्न, जावई पुन्याचा. "मंगलाष्टकामागं पियानो वाजला पाह्यजे. पन अस्सल! कॉम्प्युटरचा निंघाला, तं अख्ख्या मेहकर तालुक्यात सांगीन, दयाराम फसवते म्हनून." अन् आमचा शहाना काय बोलला? "काका, खऱ्याच पियानोवर वाजवून देतो!" खरा पियानो! गावात पेट्या तीन, त्यातल्या एकीत उंदराचं बाळंतपन!

रविवारी लग्न, शुक्रवारी सांजेले भगवानराव ऐकाले येनार, अन् शुक्रवारी दुपारी हा घामानं निथळून राह्यला, कॉम्प्युटरात पियानो शोधून राह्यला. चाळीस निंघाले हो! अन् पारखी कोन? मी. काऊन का घरात खरा पियानो ऐकेल मी एकलीच. महाराष्ट्र नवा नवा झाला तवा बुलढान्याले एक डाक्टरीनबाई होत्या. माय त्याइच्या घरी मेथी-सांबाराच्या जुड्या द्याले जाय, मी संगं. बाई वाजवे, अन् माह्या हातची जुडी तशीच हातात राहे.

पहिला लावला. "कसा हाय?" म्हटलं, बापा, हे तं धुतलेले गिलास! दुसरा? बँकेत फोन केला का ताटकळत ठेवतात, तवा वाजते तो. तिसरा इतका गोड का दात शिवशिवले. विसावा झाला, तिसावा झाला... "अवं आजी, परदेशातल्या भल्या मोठ्या पियानोचा एक एक सूर टिपून आनला हाय हा!" असंल ना! पन मानूस कुठं हाय त्यात? डाक्टरीनबाईचं स्टूल करकरे, खाली पाय दाबला का धप् होय, अंगठी पट्टीले लागे, श्वाससुदिक ऐकू ये. तुह्या पियानोपुढं कोनी बसेलच नाई! पियानो अस्सल पाह्यजे, तं मानूस बसव!

पोरगं पाहातच राह्यलं. मंग पळत जाऊन निजाची बाज घेऊन आलं. "बस आजी. आता हाल!" घ्या! मी हालली, बाज करकरली, त्यानं टिपली अन् पियानोत घुसवली. पोत्यावर बुक्की... धप्! माही अंगठी टेबलाच्या कडेले... टक्! तेवढ्यात सुनेच्या कुकरची शिट्टी. मी वरडली, "पुष्पा, बंद कर वं ते!" तं म्हने, "मंग रातच्याले पियानो खाता काय?"

साडेपाचले भगवानराव हजर. बसले, डोळे मिटले. मंगलाष्टक सुरू झालं. अन् पियानोमागं बाज करकरली! भगवानरावाचा एक डोळा उघडला. "हे काय वाजलं बे?" दयारामनं माह्याकडं पाह्यलं. गेलं, म्हटलं, पोराचं नाव गेलं तालुक्यातून! मीच बोलली, "वाजवनारा हालला, भगवानराव. अस्सल पियानोपुढं मानूस बसते."

भगवानरावानं उपरन्यानं डोळे पुसले. "मावशी... अस्सल हाय. शंभर टक्के!"

दयाराम माह्या पाया पडाले वाकला. अर्धाच वाकला असंल, तं भगवानराव दारातून परत फिरले. "मंग असं कर ना दयाराम, इतका अस्सल हाय तं मांडवातच आनू त्याले! पुन्याच्या पाव्हन्यायले दिसला पाह्यजे. रविवारी सकाळी टेम्पो धाडतो." अन् गेले बी!

आता पुंजाजी सुतार फळ्या घेऊन ओट्यावर बसला हाय, अन् दोघं मिळून मलेच इचारतात, पियानोले पाय किती? मले काय माहीत? मले तं डाक्टरीनबाईची पाठच दिसे. तीन म्हनून टाकलं बापा... मांडवात वाकून मोजते कोन!