खिडकी नसलेला टोल

—न्हाई न्हाई दादा, मोबाईल असा आडवा धरा, पाठीमागची पाटी दिसू द्या. हं. मी छबुबाई हनुमान शेळके, लिंबागणेशच्या वरच्या अंगाला आमची वस्ती. कावून बसलाव म्हणता? अहो, नवा टोल आणायलेत न्हाई का — जेवढे किलोमीटर गाडी पळंल तेवढा पैसा, आन मोजणार म्हणं वरून, आभाळातून! मोठ्या गाडीवाल्याचं काय हो, त्येचं पोट भरलेलं. आमच्या मालकाची पिकअप हाय. सकाळी सीताफळं घेऊन बीडला जायाचं, दुपारी रिकामं माघारी यायाचं, मग अंबाजोगाईचं भाडं — रिकाम्या गाडीचेबी किलोमीटर मोजणार व्हय? आदीच हा नाका उरावर, वरून आनखी आभाळातला. कसं पुरं पडावं? मी कशाला सांगू, मालकच सांगतील, ते काय, ते टोपीवाले, मायीक धरून उभे हायेत. समदं त्येंनीच उभं केलंय.

पयल्यापासून पुढारी? छ्या! ग्रामसभेत पाण्यासाठी भांडायला चला म्हणलं तर अंगावर चादर ओढून घेणारा माणूस. आन आता बगा — वस्तीवस्तीवर हिंडून गाडीवाले गोळा केले, मला म्हणले बाया घेऊन म्होरं बस, पोलीस बायांना लवकर हात लावत न्हाईत. लोक म्हणायलेत, छबुबाई, तुज्या हनुमानाच्या अंगात आलंय. मलाबी नवल वाटलं. गेल्या साली हाच नाका उठवा म्हणून आख्खा गाव हितं बसलता, तवा ह्येंची कंबर धरली होती.

टॅग? न्हाई, आमच्या काचंला टॅग न्हाई. टॅग असला की दांडा आपोआप वर जातोय, थांबायचं कामच न्हाई, ते ठावं हाय मला. पर हे रोकडा देतेत, तेबी दुप्पट. मी इचारलं, कावून? म्हणले, तत्त्वाचा प्रश्न हाय. आता आमी अडाणी माणसं, तत्त्व म्हणलं की गप बसतो. मग मागल्या महिन्यात माजा गुडगा धरला, दवाखान्यात न्यायचं म्हणून ह्येंच्या संगं गाडीत बसले. नाका आला. बाकीच्या लायनी मोकळ्या, आन आमी कडंच्या लायनीत जाऊन रांगंला लागलो! म्हणलं आसंल कायतरी. काच खाली झाली — ह्येंच्याच बाजूची बरं का, ती सद्दाम मिस्तरीकडून नवी करून घेतलीया, माज्या बाजूची कवाची अडकून पडलीया तिकडं कोण बगतंय. खिडकीत बाई. सायली का काय नाव हाय. म्हणली, "आज उशीर केलात?" बास, येवढंच. आन आमचा माणूस हसला. दादा, दात दिसले हो त्येचे! माज्यापुढं त्यो माणूस हळदीच्या दिवशी हसला आसंल, ते आता. मग सीटामागून कागदात बांधलेली सीताफळं काढली — पिकून डोळे उघडलेली, एकेक निवडून घेतलेली — आन दिली तिच्या हातात. आमच्या घरात येतेत ती पाखरांनी टोचलेली.

देखणी? तीच तर आग हाय! देखणी आसती, तरणीताठी आसती तर म्हणलं आसतं, म्हातारचळ लागलाय, जाईल उतरून. ती माज्याच वयाची. चष्मा, केस पिकलेले, वर माज्यापरीस काळी. मग माज्यात काय कमी हाय, सांगा ना? काय केलं तिनं? काय न्हाई केलं. उशीर केलात, येवढंच म्हणली. मीबी तर रोज म्हणते, कुटं मेलतात इतका येळ? अर्थ एकच झाला का न्हाई? मला लई जळतंय दादा, गणपतीची शप्पत, आतून जळतंय — हे टाकू नका त्येच्यात.

काय म्हणालात? नवा टोल आला की हा नाका राहणारच न्हाई? दांडाबी न्हाई? आन खिडकी? — खिडकीबी न्हाई. म्हंजे गाडी थांबायचीच न्हाई. बसणारं कुणी न्हाई, उशीर केलात म्हणणारं कुणी न्हाई.

अस्सं. म्हणून अंगात आलंय व्हय.

लिवा, दादा. छबुबाई हनुमान शेळके, हिचा नव्या टोलला पाठिंबा हाय. व्हय, एकलीचा. रिकामी गाडी मोजा, भरली मोजा, गाडी अंगणात उभी आसली तरी मोजा. घराचं दिवाळं निघू द्या, मी मिठाला भाकर लावून खाईन, पर ती खिडकी पाडा. कवा पाडणार? आवंदाच करतेत का, का नुसतं म्हणतेत?

ऐका, हाक मारायलाय. "छबुबाई, घोषणा द्या!" लोकापुढं छबुबाई, घरी नुसतं "अगं ए". आन नजर बगा कुटं हाय — माज्या डोस्क्यावरून पार तिकडं, कडंच्या खिडकीत. आले म्हणावं. आलेच. ए बायांनो, वाट द्या गं जरा. आना तो मायीक इकडं. आन तुमी व्हा बाजूला, दादा, सरका — मला आमचा माणूस दिसंना झालाय.