मागून बेल आल्याशिवाय

सहादू: बांधायला मी काय शेळी हाय का?

रोहिणी: शेळीला एक दोरी पुरते, काका. तुमच्या चाकाच्या खुर्चीला चार पट्टे लागतात. दोन पुढून, दोन मागून. पाय जरा आत घेते हं तुमचे.

सहादू: खुर्चीचा ब्रेक लावलाय ना मी? मग झालं की! एकतीस वर्षं लाल गाडीवर डायव्हरकी केली, ब्रेक म्हणजे काय ते मला शिकवू नको.

निकिता: बाबा, त्यांना त्यांचं काम करू द्या ना. मागच्या वेळीसुद्धा खुर्चीचा ब्रेक लावलाच होता. दीपकनं आडगाव नाक्यावर गाडीचा ब्रेक दाबला आणि तुम्ही खुर्चीसकट पुढच्या सीटवर. कपाळाला सात टाके!

सहादू: दीपकला गाडी चालवता येत नाय.

निकिता: वा! तुमच्याच मुलाला तुम्हीच शिकवलीत. त्या दिवसापासून धसका घेतलाय त्यानं. बाबांना गाडीत घालणार नाही म्हणजे नाही. दोन वर्षं झाली, गल्लीच्या टोकापलीकडं गेला नाहीत तुम्ही. आज कुठं ही रॅम्पची गाडी मिळालीय तर...

सहादू: मिळालीय तर निघा की मग! सव्वानऊ झाले. नांदगाव काय पंचवटीत हाय? निफाड, मनमाड, मग नांदगाव. चल पोरी, सोड गाडी.

रोहिणी: मागचा डावा पट्टा राहिलाय.

सहादू: तीन लय झाले.

रोहिणी: तीनवर खुर्ची वळते, काका. मी पाहिलंय वळताना. निकिताताई, पाठीमागं अडकवलेली ती पिशवी काढा. आणि काकांच्या मांडीवरची पेटी इकडं द्या.

सहादू: ए, पेटीला हात लावायचा नाय! भिकनची द्राक्षं हायेत ती.

रोहिणी: कचकन ब्रेक लागला तर हीच पेटी तुमच्या पोटात बसेल. खाली ठेवते, तिलाही बांधते. एक मणी फुटायचा नाही, मग तर झालं? भिकन म्हणजे मुलगा का तुमचा?

सहादू: कंडक्टर. माझा कंडक्टर. एकोणीस वर्षं एका गाडीवर होतो आम्ही. नाशिक-नांदगाव, नांदगाव-नाशिक. त्याच्याकडं सगळं कोरडं रान, म्हणून निफाड आलं की मी खिडकीतनं घड घ्यायचो त्याच्यासाठी. अन् गंमत सांगू का? एकोणीस वर्षांत चालत्या गाडीत त्याचं तोंड नाय पाहिलं मी. तो मागं, मी पुढं. आमचं बोलणं सगळं बेलवर. एकदा वाजली की थांब, दोनदा वाजली की चल. दोरी कशी ओढली त्यावरनं कळायचं मला, गडी खूश हाय का घरी भांडून आलाय.

रोहिणी: मग आज पाहा तोंड पोटभर.

सहादू: बारा वर्षं झाली गं. लय आठवण येते. झोपेत बेल ऐकू येती मला. पाय हलत नायत, तरी क्लच दाबायला जातो अन् जागा होतो.

निकिता: भिकनकाकांना महिन्यापूर्वी पॅरालिसिसचा झटका आला. वाचा गेली. परवा डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. काल त्यांच्या मुलीचा, आशाताईंचा फोन होता, यायचं असेल तर लवकर या म्हणाल्या.

सहादू: ऐकलंस? लवकर या म्हणली. अन् तू इथं पट्टे ओढत बसलीस! सोड गाडी!

रोहिणी: नाही सोडणार. खुर्चीचं झालं, माणसाचा पट्टा राहिलाय. तो वेगळा असतो. खुर्चीच्या हातांखालून घ्यायचा, कमरेच्या हाडावर बसवायचा, मग खांद्यावरून एक. वर पोटावर चढला तर जीवावर बेततं.

सहादू: अगं, चालता चालता निकिता लावंल. तू चल म्हणतो ना मी!

रोहिणी: काका, किती पण शिव्या द्या. मागचा माणूस नीट बसलाय असं मागून कोणी सांगितल्याशिवाय मी चाक हलवत नाही.

निकिता: बाबा? अहो बाबा, काय झालं?

रोहिणी: पट्टा टोचला का कुठं?

सहादू: नाय. पट्टा नाय टोचला. मी हलवलं होतं चाक.

निकिता: कधी?

सहादू: बारा वर्षांपूर्वी. निफाड स्टँडला. वीस मिनिटं लेट होतो, डोकं तापलेलं. सायखेड्याची म्हातारी होती, झुंबरबाई. डोक्यावर पाटी, एक पाय पायरीवर, एक खाली. बेल आलीच नव्हती. मी सोडली गाडी. खुब्याचं हाड मोडलं तिचं.

निकिता: पण आम्हाला तर सगळे सांगतात की भिकनकाकांनी चुकून बेल दिली!

सहादू: त्यानंच सांगितलं तसं. चौकशीला साहेबानं विचारलं, बेल कुणी दिली? माझं तोंड उघडायच्या आत हा बोलला, मी दिली साहेब, माझी चूक. दीपकची बारावी होती तवा, तुझ्या सासूचं ऑपरेशन होतं. त्याला सगळं ठाऊक. आठ महिने घरी बसवलं त्याला, मग दुसऱ्या डेपोला टाकलं. अन् मी? मी मान खाली घालून उभा राहिलो. हूं का चूं केलं नाय.

रोहिणी: नंतर गेला नाहीत त्यांच्याकडं?

सहादू: कोणत्या तोंडानं जाऊ? आधी लाज वाटायची, मग पाय गेले. खरं सांगू, पाय गेले तवा बरं वाटलं मला. न जायला कारण मिळालं ना! आता तो बोलायचा नाय, पण मला बोलायचंय. त्याच्या लेकीसमोर बोलायचंय. तिला अजून वाटतंय, बाप चुकला. तो हाय तोवर पोचव मला पोरी, बाकी काय नको.

रोहिणी: पोचवते. सुखरूप पोचवते. लावू पट्टा?

सहादू: लाव. आवळून लाव. अगं थांब, उजवीकडं पीळ पडलाय बघ, सरळ कर.

रोहिणी: अरेच्चा! नजर अजून डायव्हरची आहे की!

निकिता: एक मिनिट, आशाताईंचाच फोन. हॅलो? हो, निघतोच आहोत. काय? बरं, बरं, देते. बाबा, भिकनकाका सकाळपासून दाराकडं बघतायत म्हणे. आशाताईंनी फोन त्यांच्या कानाशी धरलाय. बोलता येत नाही, पण ऐकतात. हातात चमचा देऊन ठेवलाय, काही हवं असलं की ताटली वाजवतात. स्पीकरवर टाकलाय मी, आशाताईपण ऐकतायत.

सहादू: भिक्या. भिक्या, मी सहादू. येतोय मी. अरे ते निफाडचं... आशा, तूबी ऐक पोरी. त्या दिवशी बेल तुझ्या बापानं...

(फोनमधून ताटलीवर चमचा आपटल्याचा एकच आवाज येतो.)

सहादू: एक.

निकिता: म्हणजे?

सहादू: थांब म्हणतोय. बोलू देत नाय, बघ. तवाबी नाय बोलू दिलं. नाय भिक्या, आज तुझी बेल नाय ऐकायचा मी. आशा, तुझ्या बापानं बेल दिली नव्हती. मी न विचारता गाडी सोडली. माझं पाप त्यानं अंगावर घेतलं अन् मी घेऊ दिलं. तुझा बाप चुकला नाय पोरी, कधीच नाय चुकला.

निकिता: बाबा, पाणी घ्या.

सहादू: नको. फोन बंद पडला का गं?

निकिता: नाही, चालू आहे. आशाताई रडतायत बहुतेक.

रोहिणी: काका, सगळं नीट बसलंय. निघायचं?

सहादू: थांब जरा.

रोहिणी: थांबलेय. मला घाई नाही.

सहादू: मलाबी नाय.

निकिता: वाजलं! बाबा, ताटली वाजली. दोनदा!

रोहिणी: मग काका? निघू?

सहादू: मला काय विचारतीस? कंडक्टरनं सांगितलं ना.