हॉल्टची दहा मिनिटं

जमलेल्या गावकऱ्यांनो, आयाबहिणींनो, आणि शिरवळहून आलेल्या सुनंदाताई,

आधीच सांगतो, मला आज नीट बोलता येणार नाही. माझी सगळी नोकरी कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. तिथं बोलायचं काम नसतं. तरी गावात कुठंही चार माणसं जमली की मला पुढं करतात, कारण मला शाळेच्या पुस्तकातल्या कविता अजून पाठ आहेत. आज सकाळीही सरपंच म्हणाले, "आवं आण्णा, एखादी कविताच म्हणा की. आपल्या हणमंता सुभेदारांना लय आवडायची." मी नको म्हणालो. का नको म्हणालो, ते सांगायला उभा आहे.

आपण बसलो आहोत तो चौथीचा वर्ग. त्या खिडकीशी, जिथं आता भाऊसाहेब बसलेत, तिथं हणमंता आणि मी बसायचो. कवितेच्या तासाला मला म्हणायला लावायचे आणि हणमंताला उभं करायचे. पाठांतर नाही म्हणून. पुढं पुढं तर गुरुजी वर्गात आले की हा आपणहून उभा राहायचा. उभ्या उभ्या माझ्याकडं बघून ओठ हलवायचा. मी हळूच पुढची ओळ सांगायचो. दोन ओळी जमायच्या. तिसरीला याला हसू यायचं, आणि मग आम्ही दोघंही उभे.

मंडळी, त्या उभं राहण्याची मला सवय नव्हती. त्याला होती. म्हणूनच की काय, तो फौजेत गेला.

फौजेत त्यानं मोठ्या गाड्या चालवल्या. डोंगरातून, बर्फातून. सुभेदार होऊन गावाला आला. पुढं काही वर्षांनी पारूवहिनी गेल्या. त्याआधी माझी मंडळी गेली होती. गल्लीच्या अलीकडं मी, पलीकडं तो. दोन घरं आणि दोन चुली. चहा मात्र एकाच चुलीवर व्हायचा.

आता त्या व्हिडिओंचं सांगतो. तुमच्यातल्या पुष्कळांनी ते पाहिलेत, काहींनी हसून सोडून दिलेत. मी तर पाहिलेलेच नव्हते. माझा फोन बटणांचा आहे.

सुनंदाताईंचा मुलगा नोकरीला लांब गेला, तेव्हा त्याचा कॉम्प्युटर इथं आजोबांकडं, हणमंताकडं आला. त्यात ट्रक चालवायचा एक खेळ होता. परदेशातले रस्ते, परदेशातले पूल, मागं माल भरलेला कंटेनर. सुनंदाताईंनी वडिलांना टेबलाला जोडायचं स्टिअरिंग आणून दिलं. सत्तरी ओलांडलेला माणूस पाय खाली सोडून त्याच्यापुढं बसला. आणि पहिल्याच दिवशी डाव्या बाजूनं गाडी घालून समोरच्यावर जाऊन आदळला. त्या देशात उजवीकडून चालवतात, हे त्याच्या गावीही नव्हतं.

झेरॉक्सच्या दुकानातल्या आपल्या वैशालीनं त्याला ते चित्रण करून ठेवायला शिकवलं. पडद्यावर जे चाललंय ते जसंच्या तसं टिपायचं, त्यावर आपण बोलायचं, आणि ते इंटरनेटवर चढवायचं. पहिल्या खेपेला हणमंता दीड तास बोलला. फौजेतलं सगळं सांगितलं. नंतर बघितलं तर गाडी चाललेली दिसते, आवाज नाही. माईकच चालू केला नव्हता. मी म्हणालो, आता पुन्हा बोल. म्हणाला, "वश्या, एकदा बोललेलं पुन्यांदा तसं येत न्हाई रं. तुझी कविता न्हवं ती."

त्या परदेशी गावांची नावं त्याला उच्चारता येत नव्हती. मग त्यानं आपलीच दिली. चढ लागला की म्हणायचा, "सांभाळून बसा, खंबाटकी लागली." कारखान्यांच्या चिमण्या दिसल्या की, "ही आली शिरवळ. हितं आमची लेक ऱ्हाती." सुनंदाताई, तुम्ही तिकडं कामावर असायचा, आणि इथं रोज सकाळी तुमच्या दारावरून गाडी जायची.

गाडी काढायच्या आधी तेल, पाणी, हवा. हे तो खेळातही म्हणायचा. तिथं ना तेल बघायचं, ना हवा. तरी म्हणायचा. आणि तासभर चालवलं की गाडी रस्त्याच्या कडेला लावायची, इंजिन बंद करायचं, दहा मिनिटं थांबायचं. याला तो हॉल्ट म्हणायचा. फौजेत ताफा असाच थांबतो. ड्रायव्हरनं खाली उतरायचं, चाकांवरून हात फिरवायचा, पाणी प्यायचं.

वैशालीनं त्याला पुष्कळ समजावलं. म्हणाली, आजोबा, या दहा मिनिटांत काहीच घडत नाही, बघणारा निघून जातो, एवढं कापूया. बाकीचं तिला हवं तसं करू दिलं त्यानं. नाव मोठ्या अक्षरांत करू दिलं, सुरुवातीला गाणंसुद्धा घालू दिलं. पण म्हणाला, "हॉल्ट कापायचा न्हाई, पोरी."

मला कारण माहीत होतं. डोंगरातल्या एका वाटेवर उशीर झाला म्हणून एकदा हॉल्ट रद्द केला होता. पुढच्या गाडीतला त्याचा जोडीदार स्टिअरिंगवरच पेंगला. हणमंता मागच्या गाडीत होता. त्यानं बघितलं. एवढंच त्यानं मला सांगितलं होतं, तेही एकदाच.

मग त्या रिकाम्या दहा मिनिटांत काय करायचं? तर त्यानं मला बोलावलं. सकाळी साडेदहाला त्याचा हॉल्ट असायचा. थांबायच्या आधी तो खेळातला भोंगा दोनदा वाजवायचा. गल्ली ओलांडून तो मला ऐकू यायचा. मी हातातलं काम टाकून जायचो. चपला दारात काढायच्या, खुर्चीवर बसायचं, आणि माईकमध्ये कविता म्हणायची. पडद्यावर त्या परदेशी रस्त्याच्या कडेला गाडी उभी, पलीकडं पिवळं शेत, वारा सुटलेला. त्या शेताकडं बघत मी आपल्या चौथीच्या, पाचवीच्या कविता म्हणायचो. घरी एकटाच स्वतःशी म्हणायचो त्याच. पण तिथं म्हणताना कुणीतरी ऐकतंय असं वाटायचं. हणमंता डोळे मिटून बसायचा. माझ्या म्हातारपणातलं सगळं सुख त्या खुर्चीत होतं, मंडळी. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

सांगितलं ते भलतंच.

एक दिवस मी म्हणता म्हणता अडकलो. सगळ्यांना येते तीच कविता. शेवटचं कडवं आठवेना. पुन्हा मागून धरलं, पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा मी गप्पच झालो. पुढची चार मिनिटं नुसता माझा श्वास. मी हणमंताला म्हणालो, हे काढून टाक. वैशालीला सांग, एवढं कापायला लाव. तो म्हणाला, असू दे, हॉल्ट हाय. मला वाटलं थट्टेत म्हणतोय, काढेल. त्यानं काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एकानं फोनचा आवाज वाढवून माझा तो श्वास सगळ्यांना ऐकवला. "आण्णांचं इंजान बंद पडलं," म्हणाला. लोक हसले. वाईट मनानं हसले नसतील. आज तो इथं बसलेला आहे, त्यानं मान खाली घालू नये, माझा त्याच्यावर राग नाही. पण त्या दिवशी आला. मी तडक हणमंताकडं गेलो. दारातूनच बोललो. म्हणालो, तुला आयुष्यभर एक कविता पाठ झाली नाही, म्हणून माझी विसरलेली तू जगाला दाखवलीस.

हणमंता खुर्चीतून उठून उभा राहिला. वर्गात उभा राहायचा तसाच उभा राहिला.

मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी साडेदहाला भोंगा वाजला. दोनदा. मी गेलो नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी वाजला. मी खिडकी लावून घेतली. लाकडी खिडकी ती, किती आवाज अडवणार? पुढं पावसाळा गेला, दसरा गेला. गल्लीत समोर आला की तो थांबायचा, मी चालत राहायचो. आणि भोंगा वाजतच राहिला. मला वाटायचं, मला चिडवायला वाजवतोय. मंडळी, इतका मी शहाणा.

गेल्या सोमवारी तो वाजला नाही. साडेदहा झाले, पावणेअकरा झाले. मी खिडकी उघडली. हणमंताच्या दारात माणसं जमलेली दिसली. अंघोळीचं पाणी तापत ठेवून ओट्यावर टेकला होता, तो तसाच गेला होता.

तिसऱ्या दिवशी मी वैशालीच्या दुकानात गेलो. म्हणालो, पोरी, मला ते दाखव. तिनं शटर अर्धं ओढून घेतलं आणि मला स्टूल दिलं. मी नसतानाचे सगळे व्हिडिओ मी ओळीनं पाहिले. गाडी चालते तो भाग पुढं सरकवत, हॉल्ट तेवढा पुरता बघत, तरी दोन दिवस लागले.

प्रत्येकात गाडी चालते. खंबाटकी येते, शिरवळ येते. मग भोंगा वाजतो, गाडी कडेला लागते, इंजिन बंद होतं. आणि हणमंता म्हणतो, "आता आमचं वसंतराव येत्यात. थांबू जरा."

घरी मी वश्या. तिथं वसंतराव.

मग दहा मिनिटं काही नाही. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. बाहेर चिमण्या. मध्येच कुणीतरी गल्लीतून जातं, तर खुर्ची करकरते. म्हणजे हा वळून दाराकडं बघत असणार. पुन्हा टिकटिक. आणि दहा मिनिटं झाली की म्हणतो, "आज काय आलं न्हाईत. काम आसंल. चला, निघू."

दर वेळी हेच. एकदाही रागानं नाही. एकदाही असं नाही की आता वाट बघत नाही. तेल, पाणी, हवा, आणि मी.

त्या व्हिडिओंच्या खाली लोकांनी काहीबाही लिहिलंय, तेही वैशालीनं वाचून दाखवलं. कुणी विचारलंय, हा बंद पडलेला व्हिडिओ आहे का. कुठल्यातरी थंड मुलखातल्या ठाण्यावरच्या आपल्याकडच्या एका जवानानं लिहिलंय, "सुभेदारसाहेब, तुमच्या हॉल्टला आमी बी हितं चहा घेतो. वसंतराव आले का?" आणखी कुणी लिहिलंय, "आज आले का?" मला न ओळखणारी माणसं, मंडळी. ती माझी वाट बघत होती. आणि मी गल्लीच्या या बाजूला खिडकी लावून बसलो होतो.

शेवटच्या व्हिडिओत त्यानं घड्याळाच्या टिकटिकीत ती कविता म्हणायला सुरुवात केली. तीच. पहिली ओळ म्हणाला. दुसरी म्हणाला. तिसरीला हसला. म्हणाला, "मला कुठलं येतंय गड्या. फुडचं वसंतरावांना ठावं. आलं की म्हणतील."

त्यानंतर "चला, निघू" हे शब्द त्या व्हिडिओत नाहीत. इंजिन चालू झाल्याचा आवाज नाही. चित्रण तसंच बंद केलंय. वैशालीनं काल त्याचा कॉम्प्युटर उघडून बघितला. खेळातली गाडी अजून तिथंच आहे, रस्त्याच्या कडेला, पिवळ्या शेताशेजारी. सुनंदाताईंनी मला विचारलं, काका, ही बंद करू का? मी म्हणालो, राहू द्या थोडे दिवस.

तर सरपंच, तुम्ही कविता म्हणा म्हणालात. ही मी म्हणायला हवी होती. गेले चार दिवस मी ते शेवटचं कडवं आठवतोय. शाळेतलं जुनं पुस्तक मिळतं का, हेही हेडमास्तरांना विचारलं, मिळालं नाही. वैशाली म्हणाली, आण्णा, फोनवर शोधून देते, एक मिनिट लागेल. मी तिला थांबवलं. ते कडवं हणमंताला नको होतं. हवं असतं तर त्यानंच शोधायला लावलं असतं. त्याला मी खुर्चीवर यायला हवा होतो. विसरलेला, अडकलेला, नुसता श्वास घेणारा, कसाही.

ते मला कळायला त्याला मरावं लागलं.

साडेदहा व्हायला आलेत. शोकसभेत दोन मिनिटं शांत उभं राहायची रीत आहे. मी तुमच्याकडं दहा मागतो. कुणाला शेतावर जायचं असेल, कुणाची एसटी असेल, त्यांनी खुशाल निघावं, कुणी काही मनात आणणार नाही. वैशाली, तुझा तो फोन इथं टेबलावर ठेव आणि चालू कर. हे त्याचे व्हिडिओ बघणाऱ्या सगळ्यांपुढं जाऊ दे. यातलं काही कापू नकोस.

हॉल्टला गाडीतून खाली उतरायचं असतं. म्हणून सगळ्यांनी उठावं. हणमंता या वर्गात पुष्कळ वेळा एकटा उभा राहिला.

हणमंता, मी आलोय रं.

थांबू जरा.